श्वासाचा जोगवा

मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसानं आधी देवीचे आभार मानावेत. मी तसं केलं नाही. बार्शीच्या दवाखान्यातून घरी आलो तो मनात एकच गोष्ट धरून, की ही सगळी माणसं माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. डॉक्टर म्हणत होते, तुम्ही आता बरे आहात. बायको म्हणत होती, येरमाळ्याच्या येडाईची कृपा झाली. शेजारी येऊन सांगत होते की चेहऱ्यावर तेज आलंय. आणि मी आमच्या ओट्याच्या चार पायऱ्या चढलो की दाराची चौकट धरून, तोंड उघडं टाकून उभा राहत होतो. छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडातून शब्द फुटायचा नाही. बरा झालेला माणूस असा असतो होय? माझ्या चेहऱ्यावर तेज नव्हतं, घाम होता.

संशय घेणं हे माझं कामच होतं, तेही सांगितलं पाहिजे. येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात सहकारी दूध संस्था निघाली तेव्हा मॅट्रिक झालेला म्हणून मला दूध तपासायला बसवलं. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची आणि मी त्यांच्या दुधात काचेची नळी सोडून डिग्री बघायचो. नळी जास्त बुडाली की समजायचं, पाणी आहे. मग तो माणूस देवाची शपथ घेणार, लेकराची शपथ घेणार, म्हैसच पाणी जास्त पिली म्हणणार. अशी बरीच वर्षं काढल्यावर शपथेवरचा विश्वास उडतो. घरी सुभद्रेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा पुढं ठेवला तरी मी तो आधी वर धरून बघायचो. ती म्हणायची, अवं, घरचंच दूध हाय. मी म्हणायचो, म्हणूनच बघतोय.

तो मोठ्या दुष्काळाचा काळ. पाऊस पुन्हा पुन्हा चुकला होता. विहिरींचे तळ दिसत होते, कडबा मिळत नव्हता, पुष्कळांची जनावरं छावणीला गेली होती. निम्मं गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचं आणि रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खायचं. म्हशी आटत चालल्या तशी दुधातल्या पाण्याची तक्रार वाढली. माळापलीकडच्या वस्तीवरचा धोंडिबा हा त्यातला सगळ्यात हट्टी माणूस. त्याचं दूध मी परत केलं की तो केंद्रावर आरडाओरडा करायचा. एकदा सगळ्या रांगेसमोर त्यानं किटली जमिनीवर आपटली आणि म्हणाला, गोरगरिबाच्या तोंडचा घास काढतोस, एक दिवस दम कोंडून मरशील. मी म्हणालो, तुझं दूध आधी दाट कर. लोक हसले, मीही हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी केंद्रावर जाताना माझी सायकल घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. बार्शीला नेऊन प्लास्टर घातलं. दीडेक महिना अंथरुणावर पडून राहायचं होतं, आणि मी पडूनच होतो. मग एका सकाळी छातीत अशी कळ आली की मला वाटलं कुणीतरी सुरी घुसवली. श्वास आत जाईना. खोकलो तर हातावर रक्त. सुभद्रेनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, जीपगाडी मिळाली, आणि परत बार्शी. डॉक्टरांनी सांगितलं की पाय हलला नाही म्हणून पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली. रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं सुरू झाली. वाचणार की नाही हे बरेच दिवस कुणी बोलत नव्हतं. मी पडल्या पडल्या धोंडिबाचे शब्द आठवत होतो. दम कोंडून मरशील, असं म्हणाला होता ना? करणी-बिरणी मी कधी मानली नव्हती, पण रात्रंदिवस छतच बघायचं असलं की माणूस काहीही मानायला लागतो.

वाचलो. घरी आलो. दिवाळीच्या आधी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले की गाठ विरघळली आहे, फुप्फुस साफ दिसतंय. मी विचारलं, मग दम का लागतो? ते म्हणाले, इतके महिने पडून राहिलात, छाती आणि पाय दोन्ही काम विसरलेत. आता रोज चालायचं, दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं. दम लागला तर घाबरायचं नाही. बोलता येईनासं झालं की थांबायचं, बोलता यायला लागलं की पुढं निघायचं. छातीत कळ आली, रक्त पडलं किंवा पाय सुजला तर मात्र तडक या. इतर सगळे सांगत होते की निजून रहा, हालू नका, आणि हा एकटाच माणूस मला चाल म्हणत होता. इथंच मला शंका आली. ज्याच्या छातीत दम नाही त्याला चालायला सांगतात का? नंतर तर त्यांनी मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि सुभद्रेला आत थांबवून घेतलं. पडद्याखालून मला तिची पावलं दिसत होती. बराच वेळ ती हलली नाहीत. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि काय म्हणाले विचारल्यावर ती म्हणाली, काय न्हाय, औषध वेळंवर द्या म्हणाले.

झालं. माझी खात्री पटली. गाठ विरघळलेली नाही, ती आत बसून आहे, आणि आपले दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी बायकोला खरं सांगितलं, मला खोटं. मग मी चालतोय कशाला? एक पाऊल जास्त पडलं आणि गाठ हलली तर? मी ओट्यावर घोंगडी टाकून बसायला लागलो. तिथून दूध केंद्राचा पत्रा दिसायचा. माझ्या जागेवर चेअरमनचा भाचा बसला होता, आणि तो नळी बुडाली तरी दूध घेतो हे मला बसल्या जागी कळत होतं. सुभद्रा सकाळी भाकरी करून ठेवून खडीवर जायची, तिन्हीसांजेला परत यायची, हाताला घट्टे, केसांत दगडाची धूळ. येऊन आधी विचारायची, आज कुठवर चाललात? मी सांगायचो, घरातल्या मोरीपर्यंत. ती हात धुवून चुलीपुढं बसायची. दिवाळी सरली तशी ती मंगळवारी आणि शुक्रवारी जेवेनाशी झाली, हेही माझ्या लक्षात आलं. माझ्यासाठी उपास धरलाय असं आधी वाटलं, मग वाटलं की मी गेल्यावर धान्य पुरावं म्हणून आत्तापासून वाचवतेय. माझं डोकं असंच चालायचं.

दिवाळी झाल्यावर एक दिवस तिनं माझ्यापुढं परडी आणून ठेवली. वेताची नवी परडी, आत हळद-कुंकू. म्हणाली, तुमी दवाखान्यात व्हता तवा माझ्या आईनं येडाईला नवस केला व्हता, जावई उठून बसला तर चैत्री पुनवंपर्यंत दर मंगळवारी-शुक्रवारी पाच घरचा जोगवा मागंल. मी तिच्याकडं बघतच राहिलो. नवस तुझ्या आईचा, आणि मागायचं मी? आणि हे आत्ता सांगतेस? ती मान खाली घालून म्हणाली, आई म्हणली, देवीच्या बोलाला वेळ लावू नका. सासूबाई परंड्याकडच्या, एकदम सरळ बाई. त्यांनी नवस केला असेल तर नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि छातीबद्दल तर काही बोलायलाच नको. पण गावात ज्यांचं दूध मी परत केलं त्यांच्याच दारात आता पीठ मागत उभं राहायचं. मेलेलं बरं, असं वाटलं. मग आठवलं की मरायला तर टेकलोच आहोत.

पहिल्या मंगळवारी मी शेजारच्या दारात उभा राहिलो. आई राजा उदो उदो म्हणायचं होतं. आई म्हटलं आणि दम संपला. राजा आणि उदो उदो छातीतच बसून राहिले. शेजारीण बाहेर आली, तिनं परडीला हळद-कुंकू लावलं, चिमूटभर मिलोचं पीठ टाकलं, आणि माझ्याकडं न बघता आत गेली. पुढच्या घरी ओट्यावर बसून घ्यावं लागलं. तिसऱ्या घरी त्यांनी आपणहून पोतं अंथरलं. पाच घरं करून आलो आणि ओट्यावर आडवा झालो. पीठ बघून मला आणखी एक शंका आली. ज्यांच्या घरी दोन वेळची भाकर होत नाही ती माणसं मला पीठ का देतात? दुष्काळात कुणी कुणाला असं देतं का? मला वाटलं, बायकोनं सगळ्यांना आधी सांगून ठेवलंय की हा आता थोड्या दिवसांचा आहे.

पुढच्या खेपेला मी पुन्हा त्याच घरांकडं निघालो तर सुभद्रेनं अडवलं. म्हणाली, एकदा मागितलं त्या दारात परत न्हाय मागायचं, तसाच नवस हाय. परडी घेऊन जोगवा मागत फिरणाऱ्या आराध्यांना मी लहानपणापासून बघत आलो होतो. ते दर मंगळवारी त्याच आळीनं यायचे. असा नियम कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, मला काय म्हायती, आईचा बोल हाय, मोडायचा तर मोडा. देवीचं नाव आणि सासूचा शब्द, दोन्हीकडून अडकलो. मग काय, आमची आळी संपली, पुढची आळी लागली. मग वेशीकडची घरं, मग मारुतीच्या मागची, मग नव्या वसाहतीतली बौद्धांची घरं. त्यांच्यात जोगवा वाढायची रीत राहिलेली नव्हती, म्हणून मी तिथं मागायचं नाही असं ठरवून पुढं जात होतो, तर एका म्हाताऱ्या बाईनं हाक मारून बसवून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, देव आमी सोडला, दारात आलेलं माणूस न्हाय सोडलं. त्या वर्षी पाण्याचा तांब्या म्हणजे पिठापेक्षा मोठं देणं होतं. मी तो प्यायलो आणि घरी येऊन सुभद्रेला विचारलं, हिलाही तू सांगून ठेवलंयस का? ती हसली नाही.

गावातली घरं संपत आली तशा वस्त्या लागल्या. शेतात एकेक घर, मधे अंतर. पौषात एका शुक्रवारी एकच घर कमी पडत होतं आणि पुढं माळच होता. माळापलीकडं धोंडिबाची वस्ती. ह्या माणसाच्या दारात मी कधीही जाणार नव्हतो. पण त्या अंगाला दुसरं घर राहिलंच नव्हतं, आणि निम्म्या माळावर आल्यावर परत फिरायचं तरी तेवढंच अंतर होतं. ऊन चढलं होतं. माळावर सावली म्हणून एक बाभूळ. तिथंवर पोचलो आणि माझा दम असा कोंडला की मी मटकन खाली बसलो. हात थंड पडले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्या मनात एकच, की गाठ हलली. मी कळ शोधत होतो, कळ नव्हती. हातावर थुंकून बघितलं, रक्त नव्हतं. पण भीतीला पुरावा लागत नाही. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. आता इथंच मरायचं, तेही धोंडिबाच्या रानाशेजारी, ह्या विचारानं मला रडू आलं. मी मोठ्यानं रडलो, लाज सोडून.

तेवढ्यात माझ्यासमोर पावलं दिसली. वर बघितलं तर एक बाई. वय सांगता येईना. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी. आमच्या भागातल्या बहुतेक आराधिणी मला तोंडओळखीच्या होत्या, ही नव्हती. मला वाटलं, कसं काय भाऊ म्हणून विचारील, पाणी देईल. तिनं कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मी केंद्रावर लोकांकडं बघायचो.

"पायात चप्पल, गळ्यात माळ न्हाय, आन् बसून रडतोय. जोगवा मागणारा असा असतो व्हय? कुणाची परडी पळवून आणली ही?"

मला राग आला. इतका राग आला की रडणं थांबलं. मरायला टेकलेल्या माणसावर चोरीचा आळ? मी सांगायला लागलो की नवस आहे, सासूनं केलाय, पण एका श्वासात दोनच शब्द बसत होते. ती म्हणाली, मला गोष्ट नको, खरा असशील तर उदो म्हणून दाखव. मी म्हणालो, आई. थांबलो. राजा. थांबलो. उदो. पुन्हा उदो. ती म्हणाली, आता उठून म्हण. मी बाभळीला धरून उठलो आणि म्हणालो. मग ती चालायलाच लागली, धोंडिबाच्या वस्तीच्या दिशेनं, मागं न बघता. थोडं पुढं गेली की ती उदो द्यायची आणि थांबायची. मी उत्तर दिलं की मगच तिचं पाऊल पुढं पडायचं. उत्तर देता आलं नाही तर ती तशीच उभी, आणि मला दम येईपर्यंत मीही उभा. खोटा आराधी असल्याचा आळ पुसून टाकायचा एवढंच माझ्या डोक्यात होतं. मरायचं आहे हे मी चक्क विसरून गेलो होतो. वस्तीचं कुंपण आलं तशी ती वळली आणि तिनं आपली परडी माझ्यापुढं धरली. म्हणाली, वाढ. मी म्हणालो, मागणारा तर मी आहे. ती म्हणाली, मग काय झालं, तुझ्याजवळ हाय का न्हाय? त्या दिवशीचं सगळं पीठ मी तिच्या परडीत घातलं. ती ओढ्याच्या अंगानं निघून गेली. मी पाणी मागायचंही विसरलो.

धोंडिबा अंगणात दावं वळत बसला होता. त्याची एकच म्हैस राहिली होती, हाडं वर आलेली. मला बघून त्याचे हात थांबले. मी उदो दिला. पूर्ण दिला, आईपासून उदोपर्यंत एका दमात. कसा आला ठाऊक नाही. धोंडिबा उठून आत गेला. मी मनात धरून चाललो होतो की आता हा शिव्या देणार किंवा काठी आणणार. तो पितळेचा पेला घेऊन आला. त्यात दूध होतं, आटत चाललेल्या म्हशीचं, त्या दिवसांतलं. माझ्या हातानं सवयीनं पेला तिरपा केला, दूध काठाला कसं चिकटतं ते बघायला. माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. धोंडिबा माझ्याकडंच बघत होता.

"बघ, नीट बघून घे," तो म्हणाला. "केंद्रावर घालायचो त्यात पाणी असायचं. पोरं उपाशी ठिवून दाट दूध घालायचं का मी? पर हे देवीच्या नावचं हाय. ह्यात न्हाय."

मी ते दूध प्यायलो. गोड होतं, आणि पिताना माझे डोळे पुन्हा भरून आले. मी त्याला विचारलं, मला दम कोंडून मरशील म्हणाला होतास, ते मनापासून होतं का? तो खाली बसला आणि म्हणाला, तवा मनापासूनच व्हतं, तू पडल्याचं ऐकलं तवा मात्र जेवण ग्वाड लागलं न्हाय. त्यानं मला निम्म्या माळापर्यंत सोबत केली. ओढ्याकडून गेलेली बाई कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, इकडून तर कुणी गेलं न्हाय, मी सकाळपासून अंगणातच हाय. मला वाटलं, दावं वळताना त्याचं लक्ष नसेल.

त्या दिवसानंतर एकदम काही बदललं नाही. दम लागत होताच. पण दम लागला की मी उदो द्यायचो, आणि उदो देता आला की कळायचं, गाठ-बिठ काही हललेली नाही, छाती फक्त थकली आहे. मंगळवार-शुक्रवार सोडून इतर दिवशीही मी चालायला लागलो, पुढच्या वस्त्या बघून ठेवायच्या म्हणून. एक दिवस ओट्याच्या पायऱ्या चढून आत गेल्यावर लक्षात आलं की चौकट धरली नाही. मला ते खरं वाटेना. मी परत खाली उतरलो आणि पुन्हा चढून बघितलं. सुभद्रा चुलीपुढून बघत होती. तिला मी काहीच सांगितलं नाही. बरं वाटतंय म्हणावं तर दृष्ट लागायची, आणि डॉक्टरांनी तिला आत थांबवून जे सांगितलं ते तर अजून बाकीच होतं.

चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेसाठी सासूबाई एसटीनं आल्या. मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, आई, तुमचा नवस उद्या पुरा होतोय, फेडायचा कसा ते सांगा. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, माझा कसला नवस, बाबा? मी तर तुमी दवाखान्यात व्हता तवा नुसती रडत व्हते, नवस बोलायचं भान कुणाला व्हतं? मी सुभद्रेकडं बघितलं. तिच्या हातातलं ताट तिनं खाली ठेवलं. मला वाटलं होतं, संशय खरा ठरल्यावर बरं वाटेल. इतक्या वर्षांत नळी बुडाली की बरंच वाटत आलं होतं. त्या वेळी तसं झालं नाही, कारण तिचा चेहरा अगदी पांढरा पडला होता.

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिला आत थांबवलं ते मरणाचं सांगायला नाही. ते म्हणाले होते की तुमचा माणूस माझ्यावर विश्वास ठेवत नाही, असाच बसून राहिला तर कायमचा बसेल, त्याला कशानं तरी चालता करा. ती महिनाभर विचार करत राहिली. मग नवस तिनं रचला. त्याच दारात परत मागायचं नाही, हा नियमही तिनंच घातला, म्हणजे मी लांब लांब जावं. कुणाला काही सांगून ठेवलेलं नव्हतं, पीठ लोकांनी आपलं आपण दिलं. "आन् मंगळवार-शुक्रवारचा उपास तुमच्यासाठी नव्हता," ती म्हणाली. "देवीच्या नावानं खोटं बोलले, त्याचा व्हता. तुमचं बरं झालं. माझं काय व्हायचं ते हू द्या." उपाशीपोटी ती उन्हात खडी फोडत होती, आणि मी ओट्यावर बसून तिच्या उपासाचा अर्थ लावत होतो. मी तिला फक्त एकच विचारलं, माळावर आराधीण तू पाठवली होतीस का? ती म्हणाली, कोण आराधीण? तिच्या डोळ्यांत मला खोटं दिसलं नाही, आणि खोटं मला दिसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं येरमाळ्याला गेलो. डोंगराच्या पायऱ्यांवर माणसांची दाटी होती, उदोचा गजर चालला होता. मी चढलो. मधे थांबलो, उदो दिला, पुन्हा चढलो. वर पोचलो तेव्हा दम लागला होता, पण तो चढून आलेल्या माणसाचा दम होता, आणि माझ्या भोवतीच्या सगळ्यांनाच तेवढा लागला होता. मला किती आनंद झाला हे मी कसं सांगू? सगळ्यांसारखी धाप लागणं, एवढंच मला इतके महिने हवं होतं.

वळून बघितलं तर सुभद्रा गाभाऱ्याच्या बाहेरच थांबली होती, खांबाला टेकून. सासूबाईंनी ओढलं तरी ती आत येईना. मला म्हणाली, तुमी जाऊन या, मला तिच्यापुढं उभं राहायला त्वांड न्हाय. मी तिच्या हातातून परडी घेतली, एकटाच आत गेलो आणि देवीपुढं उभा राहिलो. मी आयुष्यात कधी कुणाची बाजू तपासल्याशिवाय घेतली नाही. त्या दिवशी घेतली. बाहेर तिला ऐकू जाईल अशा आवाजात, सगळ्या गर्दीसमोर, मी म्हणालो, "आई, नवस माझा होता. मी बोललो होतो, मी फेडला. दुसऱ्या कुणाच्या नावावर धरू नकोस."

पुजाऱ्यानं प्रसाद दिला. मागं वळलो तर सुभद्रा उंबऱ्याच्या आत आली होती आणि पदर तोंडाला लावून रडत होती. मी देवीपुढं खोटं बोललो का? मला तसं आजही वाटत नाही, ज्यानं फेडला त्याचाच तो नवस. माझे सगळेच संशय काही खोटे ठरले नव्हते. दुधात पाणी होतं, नवस रचलेला होता, डॉक्टर आणि बायको दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं होतं. एवढं बरोबर ओळखूनही मी ओट्यावर बसून मेलो असतो. जगलो तो ज्यांच्यावर शंका घेतली त्यांच्या हातून. माणसाच्या खोट्यातूनही देवीला आपलं काम करून घेता येतं, आणि आपण फक्त परडी पुढं धरायची असते, एवढं मला समजलं. माझा स्वभाव पुढंही बदलला नाही, केंद्रावर परत गेलो आणि नळी बुडाली की दूध परतच करत राहिलो. पण मंगळवारी आणि शुक्रवारी मी जोगव्याला जातो, आणि त्या दोन दिवशी सुभद्रा पोटभर जेवते. ताट वाढून घेऊन ती माझ्यासमोर बसते, आणि ती जेवेपर्यंत मी उठत नाही.